आधी कान, मग पाना
सदर : घरची गाडी

वाचकहो, मागच्या लेखात आपण बॅटरीची काळजी कशी घ्यायची ते पाहिलं. आज माझ्याच घरची, आणि खरं सांगायचं तर माझीच चूक दाखवणारी गोष्ट लिहितो आहे. ज्यांच्या दारात अजून एखादी पद्मिनी, ॲम्बॅसिडर नाहीतर जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० उभी आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ही चूक कधी ना कधी केलेली असणार.

श्रावणातली संध्याकाळ होती. टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट बंद होतं. गाडीत पुढं सासूबाई, म्हणजे मुलांची अज्जी. मागं सौ. आणि थोरला मुलगा. गाडी आमची प्रीमियर पद्मिनी. गेटाशी थांबल्यापासून इंजिन अंगात कणकण भरल्यासारखं थरथरत होतं. रेल्वे गेली, गेट वर झालं. मी क्लच सोडत ॲक्सिलेटर दाबला तर इंजिननं आवंढा गिळल्यासारखं केलं आणि गाडी रुळांच्या ऐन तोंडाशी बंद. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ. एकजण काच खाली करून ओरडला, "काय हो, म्युझियममधली बाहेर काढलाय काय?" तिसऱ्या खेपेला ती सुरू झाली. रूळ ओलांडताना पुन्हा एक झटका बसला. अज्जी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त दाराची मूठ घट्ट धरली.

घरी आल्यावर मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, आज रुळाच्या अलीकडं बंद पडली. उद्या रुळावर पडली तर?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. जुन्या गाडीचं प्रेम ठीक आहे, पण ती नको तिथं बंद पडायला लागली की तो प्रेमाचा विषय राहत नाही. भंगारवाला तर आधीच एक आकडा सांगून गेला होता.

ही गाडी १९८६ सालची, माझ्या सासऱ्यांची. धारवाडात त्यांच्या अंगणात पारिजातकाखाली उभी असायची. ते गेल्यावर अज्जी आमच्याकडं राहायला आल्या आणि त्यांच्यामागं गाडीही आली. तिच्यात बसायला अज्जींना त्रास होत नाही. दार ऐसपैस उघडतं, सीट खुर्चीच्या उंचीची, गुडघे फार वाकवावे लागत नाहीत. आमच्या नव्या गाडीत त्यांना हात धरून बसवावं लागतं, हिच्यात त्या आपल्या आपण बसतात. गाडी राहणार की जाणार याचा अर्थ आमच्या घरी एवढा होता.

त्या रात्री अज्जी एवढंच म्हणाल्या, "अदर दनी बदलागेद." तिचा आवाज बदललाय. मी ते मनावर घेतलं नाही. तिथंच चुकलो.

स्क्रूचा मोह

पद्मिनीचं घराणं आपल्याला ठाऊक आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती यायची. इटलीची फियाट ११०० आपल्याकडं आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि पुढं पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधंसुधं इंजिन. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण आपल्या भागात अजून काही पद्मिनी लग्नाकार्याला बाहेर निघतात. त्यांत काही बिघडलं की पाना घेऊन दुरुस्त करता येतं, कॉम्प्युटर लावावा लागत नाही. हे सुख आहे, आणि संकटही. कारण हात घालता येतो म्हणून आपण नको तिथं हात घालतो.

कार्बोरेटरवर दोन स्क्रू समोरच दिसतात. एक आयडलिंगचा वेग कमी-जास्त करणारा, दुसरा पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाचा. इंजिन थरथरायला लागलं की मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जायचा आणि दुसरा स्क्रू थोडा बाहेर काढायचा. दोन दिवस बरं वाटायचं. मग पुन्हा तेच, पुन्हा पाव फेरा. अधूनमधून दोघा मेकॅनिकना दाखवली, त्यांनीही तेच केलं. गाडी काही सुधारली नाही, पेट्रोल मात्र जास्त प्यायला लागली.

अशात नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी गाडी धड चालायला हवी, पीयूसीही पास व्हायला हवी. पेट्रोल गाडीची ही तपासणी आयडलिंगवरच होते. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमच्या आत लागतो. आमचा पहिला आकडा कसाबसा आत बसला, दुसरा मात्र पार पुढं गेला. केंद्रातला मुलगा म्हणाला, "सर, ट्यूनिंग करून आणा."

हायड्रोकार्बन म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. मिश्रण नुसतं जाड असतं तर आधी मोनॉक्साइड वाढला असता. तो आत आणि हायड्रोकार्बन बाहेर, याचा अर्थ कुठंतरी ठिणगीला पेटवता येत नव्हतं, इंजिन मिसिंग करत होतं. यंत्रानं हे कागदावर छापून दिलं होतं. मला ते वाचता आलं नाही.

"अवसर माडब्याड्री"

शेवटी खानापूर रोडच्या बाजूच्या एका बोळात बसणाऱ्या म्हाताऱ्या मेस्त्रींकडं गेलो. त्यांचं उभं आयुष्य फियाटमध्ये गेलेलं. कन्नड, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणारा अस्सल बेळगावी माणूस. मी बॉनेट उघडलं आणि सवयीनं हात स्क्रूकडं गेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"सर, अवसर माडब्याड्री."

आपल्या घरांत या शब्दाची नेहमी गंमत होते. मराठीत अवसर म्हणजे संधी, कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. मी आपली संधी साधायला निघालो होतो आणि मेस्त्री म्हणत होते, घाई करू नका.

त्यांनी गाडीला हात लावला नाही. आधी तीन प्रश्न विचारले. त्रास थंड असताना होतो की गरम झाल्यावर? उभी असताना होतो की पळताना? ॲक्सिलेटर हळू दाबल्यावर की एकदम दाबल्यावर?

मी सांगितलं, गरम झाल्यावरही होतो. उभी असताना थरथरते, चाळीस-पन्नासच्या वेगात मात्र मऊसूत चालते. आणि एकदम दाबलं की क्षणभर अडखळते, हळू दाबलं तर नाही.

"अर्धं काम झालं की मग," ते म्हणाले.

ते कसं, ते समजून घेऊ, कारण या लेखाचं सार तेच आहे. आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. इंजिन हवा ओढायला बघतं, पण वाट अगदी अरुंद असते. त्यामुळं झडपेच्या खालच्या बाजूला जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि पेट्रोल एका बारीक वाटेनं थेंब-थेंब येतं. अशा वेळी खालच्या बाजूला केसाएवढी फट जरी असली तरी तिथून आत शिरणारी हवा एकूण हवेत मोठा वाटा घेते आणि मिश्रण पातळ होतं. पेट्रोल नीट जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. हवा फार वाढली की ठिणगी पडूनही ते पेट घेत नाही. वेग वाढवला की झडप उघडते, वरून भरपूर हवा येते, त्या फटीतली हवा नगण्य ठरते आणि इंजिन शहाण्यासारखं चालतं.

म्हणून उभी असताना थरथरते आणि पळताना बरी चालते, तर संशय हवेच्या गळतीवर किंवा आयडलिंगच्या जेटवर घ्यायचा. एकदम दाबल्यावर अडखळते, तर ॲक्सिलेटर पंपावर. जेवढी पळवावी तेवढी जास्त कुथते, तर पेट्रोलचा पुरवठा नाहीतर इग्निशन बघायचं. फक्त थंडीत रुसते, तर चोक बघायचा. हे सगळं पाना न उचलता कळतं.

आधी ठिणगी

तरीही मेस्त्री थेट कार्बोरेटरकडं गेले नाहीत. "कार्बेटरला शिव्या घालायच्या आधी करंट बघायचा," हा त्यांचा नियम. ज्याला लोक कार्बोरेटरचा बिघाड समजतात, तो पुष्कळदा इग्निशनचा निघतो.

त्यांनी चारही प्लग काढून ओळीनं मांडले. प्लगचं टोक विटकरी-तपकिरी असेल तर जळण ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरकं असेल तर हवा जास्त. ओलसर तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हची कुरकुर. आमचे चारही फिकट, पांढुरके. म्हणजे मी आठ महिने स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवत होतो आणि तरी इंजिन हवेनं फुगलेलंच होतं.

मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण. आत केसासारखी चीर आहे का, कोळशाचं टोक झिजलंय का, ते बघितलं. पावसाळ्यात त्या चिरेत ओल शिरते आणि करंट भलतीकडं पळतो. सी.बी. पॉइंटचं तोंड खडबडीत झालं होतं. ते साफ करून फिलर गेजनं अंतर लावलं. अशा गाड्यांत ते साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतं, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडाच खरा धरा. पॉइंटचं अंतर बदललं की टायमिंगही सरकतं. म्हणून आधी अंतर, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला तर काम दोनदा करावं लागतं.

त्यानंतर त्यांनी इंजिन सुरू केलं आणि रबरी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची वायर काढून पुन्हा लावली. वायर काढल्यावर इंजिनचा वेग पडायला हवा. ज्या सिलिंडरची वायर काढूनही फरक पडत नाही, तोच आळशी. आमच्याकडं चारही वेळा वेग सारखाच पडला. (ही परीक्षा जुन्या पॉइंटवाल्या गाडीतही जाणकारानंच करावी. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत मुळीच करू नये, धक्का जबर बसतो आणि मॉड्यूल जळतं.)

"एकटा कोण बी आजारी नाही. चौघांना मिळून काय तर बाधलंय," मेस्त्री म्हणाले. आणि चौघांना मिळून जे काही येतं ते एकाच वाटेनं, कार्बोरेटरच्या खालून.

साबणाच्या पाण्याची परीक्षा

पुष्कळ जण इथं पेट्रोलचे थेंब शिंपडून बघतात. तसं कधीही करू नका, गरम इंजिनवर पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. मेस्त्रींनी वाटीभर साबणाचं पाणी घेतलं. एक जुना दाढीचा ब्रश त्यात बुडवला आणि इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी, जिथं तो मॅनिफोल्डवर बसतो त्या जोडावर, हळूहळू फिरवला. पुढच्या बाजूला काही नाही. डावीकडं काही नाही. मागच्या कोपऱ्यात ब्रश गेला तसा फेस आत ओढला गेला, सुर्रर्र आवाज झाला आणि इंजिनची थरथर क्षणभर थांबली.

"एल्लो गाळी एळ्याकत्तैति अंत हेळिद्नेल्ल!" कुठंतरी हवा ओढतंय म्हणून सांगितलं नव्हतं का! मेस्त्रींचा चेहरा उजळला.

कार्बोरेटर उतरवला तेव्हा खालचं पॅकिंग मागच्या बाजूला काळं पडून चिरलेलं दिसलं. पण खरं कारण पुढं होतं. मेस्त्रींनी फ्लँज सपाट लोखंडी पाटीवर ठेवून बोटानं दाबला तर तो डुगडुगला. दोन्ही कान खाली वाकलेले.

"नट कोण आवळलंय?"

मीच. वर्षापूर्वी पेट्रोलचा वास येतो म्हणून मोठा पाना लावून, दात-ओठ खाऊन आवळले होते. कार्बोरेटरचं शरीर मऊ धातूचं असतं. नट गरजेपेक्षा जास्त आवळले की कान वाकतात, मध्ये फट पडते, पॅकिंग जळतं आणि हवा शिरते. म्हणजे रोग माझा, आणि त्यावर औषध म्हणून स्क्रू फिरवणाराही मीच. दोष मात्र चाळीस वर्षांच्या गाडीच्या म्हातारपणाला.

दुरुस्ती साधी होती. सपाट पाटीवर पॉलिश पेपर अंथरून फ्लँज आठच्या आकड्यात घासला, कडा सारख्या केल्या. नवं पॅकिंग घातलं. नट आवळताना थोडं इकडं, थोडं तिकडं असं आळीपाळीनं, बेतानं आवळले.

थ्रॉटलचा दांडाही हलवून बघितला. तो खिळखिळा झाला असेल तर तिथूनही हवा शिरते आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी आयडलिंग टिकत नाही. तसं असेल तर आपल्याकडं निराश व्हायचं कारण नाही. उद्यमबागेत लेथवर नवं बुश करून घेता येतं. फाउंड्री आणि मशिनिंगच्या या गावात हा एक मोठाच फायदा आहे. आमचा दांडा सुदैवानं घट्ट होता.

अडखळण्याचं कारण

थरथर गेली. पण दाबल्यावर अडखळणं राहिलं होतं. हा दुसरा, वेगळा रोग. एकाच गाडीत दोन बिघाड असू शकतात हे आपण विसरतो, आणि एकानं दोन्ही सुटेल अशा आशेवर राहतो.

ॲक्सिलेटर एकदम दाबला की हवा लगेच धावते, पेट्रोल जड म्हणून मागं राहतं. ती क्षणाची तूट भरून काढायला कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. तो पायासरशी पेट्रोलची एक चिळकांडी मारतो. त्याचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, कडक झाला किंवा चिरला की चिळकांडी उशिरा येते नाहीतर येतच नाही, आणि गाडी आवंढा गिळते.

ही परीक्षा घरीही करता येते. इंजिन बंद आणि गार असू द्या. एअर क्लीनर काढा, टॉर्चनं कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघत हातानं थ्रॉटल उघडा. त्याच क्षणी बारीक, सलग धार दिसायला हवी. आमच्याकडं अर्ध्या सेकंदानं दोन थेंब पडले. डायफ्रॅम काढला तर चामड्याच्या जुन्या चपलेसारखा ताठ. नवा घातला. (तुमच्या जुन्या ॲम्बॅसिडरला एसयू जातीचा कार्बोरेटर असेल तर त्यात असा पंप नसतो. त्याच्या डोक्यावरची टोपी उघडून आतलं डॅम्परचं तेल बघा. ते आटलं की तीही अशीच अडखळते.)

कार्बोरेटर उघडलाच होता म्हणून जेटही साफ केले. इथं एक विनंती. जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका. जेट पितळेचा असतो आणि त्यावरचा आकडा त्याच्या भोकाचं माप सांगतो. सोलेक्सच्या जेटवर १२० असेल तर भोक १.२० मिलिमीटर. सुईनं ते किंचित मोठं झालं की जेट बिघडला. कार्ब क्लीनर मारून हवेचा झोत द्यायचा, बस. डोळ्यांना चष्मा मात्र लावा.

शेवटी स्क्रू

मग मेस्त्री त्या स्क्रूकडं वळले. आधी तो फेरे मोजत हळू आत घेतला. "एक... दोन... तीन... साडेतीन!" मान हलवून माझ्याकडं बघितलं. साधारण दीड-दोन फेरे उघडा असायचा तो स्क्रू मी साडेतीनवर नेला होता. स्क्रू इतका बाहेर असणं हीच खूण असते की कुणीतरी दुसरा बिघाड त्याच्याखाली झाकतो आहे.

घरी करणाऱ्यांसाठी त्यांची रीत लिहितो. इंजिन पूर्ण गरम हवं, चोक पूर्ण उघडा, एअर क्लीनर जागेवर, दिवे बंद. मिश्रणाचा स्क्रू अलगद आत टेकवा. जोर लावला तर त्याच्या टोकाला खाच पडते. मग दीड फेरा बाहेर काढून इंजिन सुरू करा. वेगाच्या स्क्रूनं आयडलिंग पुस्तकात दिलेल्या आकड्याच्या जवळ आणा. आता मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं फिरवा, दर वेळी थांबून कान द्या. इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखं वाजेल ती जागा शोधा. वेग वाढला असेल तर वेगाच्या स्क्रूनं उतरवा. पुन्हा मिश्रण, पुन्हा वेग. दोन-तीन वेळा केलं की बसतं. शेवटी स्क्रू किंचित आत घ्या, म्हणजे पीयूसीला त्रास नाही.

हे सगळं उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा, पदर, ओढणी आणि सैल बाह्या पंख्याच्या पट्ट्यापासून दूर असू द्या. विडी-सिगारेट तर जवळपासही नको.

आणि पेट्रोल?

मेस्त्रींनी निघताना आणखी एक सांगितलं. आता पंपांवर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचाही त्यात वाटा आहे, तेव्हा त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण १९८६ ची गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरलं नव्हतं. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्याला जळायला हवा कमी लागते. म्हणून जुन्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं आणि आधीच हवा ओढणारं इंजिन आणखी कुरकुरतं. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम त्यानं फुगतात, ताठरतात. ते पाणीही शोषून घेतं, त्यामुळं महिनोन्महिने उभ्या गाडीत ते तसंच ठेवू नये.

उपाय सोपे आहेत. पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. फिल्टर वेळेवर बदला. आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी नीट गरम होईपर्यंत फिरवा. नुसती अंगणात सुरू करून बंद केलेली मोजायची नाही.

एवढ्या सगळ्याला सामान किती लागलं? एक पॅकिंग, एक डायफ्रॅम, हातभर पाइप आणि फिल्टर. हजार रुपयांच्या आत. बाकी दोन दिवस मेस्त्रींचा कान. त्यांनी मजुरी सांगितली ती मला कमी वाटली. मी जास्त दिले तर म्हणाले, "जास्त देऊ नका. पुढच्या वेळी पाना कमी आवळा."

पीयूसीच्या केंद्रात मी मुलालाच पाठवलं. तो कागद घेऊन आला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरला. दोन्ही आकडे आत, हायड्रोकार्बन मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. मग म्हणाला, "बाबा, ते साबणाच्या पाण्याचं मला एकदा दाखवा की." भंगारवाल्याचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही.

पुढच्या रविवारी अज्जींना घेऊन धारवाडला निघालो. वाटेत तेच दुसरं गेट, नेमकं बंद. मी गाडी बंद केली नाही, मुद्दामच. सगळे गप्प. इंजिन शिवणयंत्रासारखं एका लयीत चालत होतं. रेल्वे धडधडत गेली, गेट वर झालं. मी ॲक्सिलेटर दाबला. गाडी सरळ उचलली आणि रुळांवरून पलीकडं गेली.

अज्जींनी या वेळी दाराची मूठ धरलेली नव्हती. हात मांडीवर होते. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ईग सरी आत नोड."

आठ महिन्यांपूर्वी त्यांनी एका वाक्यात निदान केलं होतं, आवाज बदललाय म्हणून. चाळीस वर्षं ज्या गाडीत त्या बसल्या तिचा आवाज त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? पण त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून आम्ही कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. कधी बदलला, उभी असताना की पळताना, हे मेस्त्रींनी मला जे विचारलं ते मी त्यांना त्याच रात्री विचारू शकलो असतो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या दारातली जुनी गाडी थरथरायला लागली तर स्क्रू ड्रायव्हर आत घरातच ठेवून या. दोन मिनिटं तिच्याजवळ उभे राहा. घरातलं जे माणूस तिच्यात सर्वांत जास्त बसलंय त्याला हाक मारा. आणि मेस्त्रींचे ते तीन प्रश्न विचारा.

पुढच्या लेखात रेडिएटरच्या पाण्याविषयी बोलू. उन्हाळ्याआधी ते बघितलेलं बरं.